आजार लपवायला लावणारा कायदा

मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



मी सांगलीत वकिली करते. वाटण्या, मृत्युपत्रं, मुखत्यारपत्रं अशी दिवाणी कामं. आज लिहितेय ते एका कलमाबद्दल. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २०१. मुखत्यारपत्र देणारा माणूस मेला किंवा मनोविकल झाला की मुखत्याराचा अधिकार संपतो, असं हे कलम सांगतं. मेल्यावर संपतो हे समजण्यासारखं आहे. पण उद्या आपलं डोकं चालेनासं झालं तर बायकोनं व्यवहार बघावेत, म्हणून एखाद्यानं शहाणपणानं कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं, तर ज्या दिवशी त्याची गरज पडते त्याच दिवशी त्याची रद्दी होते.

डिमेन्शिया म्हणजे नुसती विसरभोळेपणाची गंमत नव्हे, हे आपल्याला सांगायला नको. हिशेब चुकतो, एकदा दिलेले पैसे पुन्हा दिले जातात, दारात आलेल्या कुणाच्याही कागदावर सही होते. अल्झायमर हे त्याचं सर्वांत मोठं कारण, आणि तो वर्षानुवर्षं चालतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. सातबाऱ्यावर नाव असलेली, कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी एखादी विधवा आजी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे प्रश्न किती घरांत शिरलाय ते कळेल.

माझ्या एका पक्षकार बाईंचे यजमान निवृत्त शिक्षक. ग्रॅच्युइटीचे पैसे त्यांच्या एकट्याच्या नावावर मुदत ठेवीत. ठेव मोडायची होती, कारण सरांची देखभाल करायला घरी ब्युरोतून ठेवलेल्या मावशींचा पगार थकला होता. बाई सरांना रिक्षानं बँकेत घेऊन गेल्या. अधिकाऱ्यानं फॉर्म पुढे केला. सरांनी खिशातलं पेन काढलं, फॉर्म वरून खालपर्यंत वाचला, एका शब्दातली वेलांटी दुरुस्त केली आणि सहीच्या जागी वळणदार अक्षरात 'छान' असा शेरा मारला. अधिकारी भला माणूस. त्याने दुसरा फॉर्म दिला. त्यावरही तसंच. शेवटी तो म्हणाला, "काकू, सरांची सही लागेल हो. नाहीतर कोर्टाचा कागद आणा." तो कागद कुठल्या कोर्टात मिळतो हे विचारायला त्या माझ्याकडे आल्या.

मी त्यांना जे सांगितलं ते आता आपल्याला सांगते.

जिल्हा न्यायालयात पूर्वी सोय होती. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाच्या मालमत्तेची चौकशी करून व्यवस्थापक नेमण्याचा अधिकार जिल्हा न्यायालयाला होता. त्याच्या जागी २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. उपचारांच्या बाबतीत तो खरोखर पुढचा आहे. रुग्ण आपला प्रतिनिधी आधीच नेमून ठेवू शकतो. पण हा प्रतिनिधी डॉक्टरशी बोलू शकतो, बँकेशी नाही. मालमत्तेचं प्रकरणच नव्या कायद्यातून गळलं. नॅशनल ट्रस्टचा १९९९ चा कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्व आहे खरं. पण त्यासाठी आधी माणूस दिव्यांग ठरावा लागतो. अनुसूचीतल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्सचं नाव आहे, डिमेन्शियाचं नाही. मग मानसिक आजाराच्या सदरात बसवण्याची खटपट करा, टक्केवारीचा दाखला आणा.

उरतं उच्च न्यायालय. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली अर्ज केला तर मुंबई उच्च न्यायालय वैद्यकीय अहवाल मागवून पत्नीला किंवा मुलाला पालक नेमतं. अनेक प्रकरणांत नेमलंही आहे. कायदा नाही म्हणून न्यायमूर्तींनी आपल्या अंगभूत अधिकारातून काढलेली ही वाट आहे आणि त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं, म्हणून आम्हा सांगलीकरांची मुंबईची वारी तरी वाचली. तरीही मावशींचा पगार भागवायला आपलीच ठेव मोडायची, तर त्यासाठी उच्च न्यायालयात रिट? वकिलाची फी ऐकूनच निम्मे लोक उठून जातात.

उठून जाऊन ते काय करतात, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. एटीएमचा पिन मुलाकडे असतो. ओटीपी सुनेच्या मोबाइलवर येतो. जुनं मुखत्यारपत्र दाखवून व्यवहार चालू राहतात. यातलं कायद्यात काही बसत नाही, पण चालतं. बँकेला आजार कळत नाही तोवर. म्हणून मेंदूविकारतज्ज्ञाची फाइल कपाटात खाली दडवली जाते. शेजाऱ्यांना "बाबांना जरा कमी ऐकू येतं" असं सांगितलं जातं. लाजेपोटी लोक आजार लपवतात, असं जनजागृतीच्या व्याख्यानांत सांगतात. लाज असतेच. पण माझ्या टेबलासमोर बसलेली माणसं लाजेनं नव्हे, व्यवहार अडकेल या भीतीनं लपवतात. निदान कागदावर आलं की खातं गोठणार, हे त्यांना पक्कं माहीत असतं. मग निदान करून घ्यायलाच नको, असं म्हणणारेही भेटतात. ते सर्वांत वाईट, कारण बी-१२ ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य यांमुळेही स्मरणशक्ती ढासळते आणि ती वेळेवर उपचार झाले तर सुधारू शकते. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण हे सारं एकाच पोत्यात भरतो.

कलम २०१ काही आपल्या मातीतलं नाही. इंग्लंडच्या जुन्या कायद्यातला नियम आपल्याकडे १८७२ साली उचलला. इंग्लंडनं स्वतःपुरता तो १९८५ मध्ये दुरुस्त केला, पुढे २००५ च्या कायद्यानं आणखी सुधारला. तिथे आता माणूस शुद्धीवर असताना असं मुखत्यारपत्र नोंदवून ठेवतो, जे बुद्धी गेल्यावरही चालतं. सिंगापूरनंही २००८ मध्ये तसा कायदा केला. आपण मात्र जुना नियम जपून ठेवलाय.

गंमत म्हणजे याच १८७२ च्या कायद्याचं कलम १२ बरंच शहाणं आहे. एरवी मनोविकल असलेला माणूस मधल्या काळात भानावर असेल, तर तेव्हा त्याला करार करता येतो, असं ते मानतं. डिमेन्शियाच्या घरात राहिलेल्या कुणालाही हे पटेल. सकाळी दहाला सगळं समजणारे आजोबा संध्याकाळी दिवेलागणीला "मला घरी सोडा" म्हणून दार वाजवत असतात. नवा कायदा करताना हा धागा सोडू नये. एकदा निदान झालं म्हणजे माणसाचं मत संपलं, असं धरून चालणारा कायदा नको.

बुद्धी गेल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र आपल्याकडेही असावं, अशी माझी सूचना आहे. तिच्यातला धोकाही मला दिसतो. हेच मुखत्यारपत्र चुकीच्या मुलाच्या हाती पडलं तर आई जिवंतपणी बेघर होईल. अंगठा घेऊन जमीन लाटलेली प्रकरणं मी स्वतः लढले आहे. म्हणून ते दुय्यम निबंधकांसमोर नोंदवलेलंच हवं. करून देणारा भानावर आहे, असा डॉक्टरचा दाखला सोबत हवा. मुखत्यारानं दरवर्षी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे हिशेब द्यावा. राहतं घर विकायचं तर जिल्हा न्यायालयाची परवानगी असावी. आणि ज्यांनी असं काही करून ठेवलेलं नाही त्यांच्यासाठी, म्हणजे बहुतेक सगळ्यांसाठीच, पालक नेमण्याचा अधिकार पुन्हा जिल्हा न्यायालयाकडे यावा.

हा विषय दिल्लीचा आहे, असं आपलं खातं म्हणेल. पण तो समवर्ती सूचीतला आहे. मुखत्यारकीसह करार नोंद ७ मध्ये, मनोविकलता नोंद १६ मध्ये. केंद्रीय कायद्याशी विसंगती आली तरी अनुच्छेद २५४(२) नुसार राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्याचा कायदा महाराष्ट्रात चालू शकतो. करार कायद्याला राज्याची दुरुस्ती आणि जिल्हा न्यायालयाला पालक नेमण्याचा अधिकार, एवढंच विधेयक लागेल.

ते येत्या अधिवेशनात मांडावं. त्याआधी मसुदा मराठीत प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्यात, आणि त्या मागवताना बँकांचे शाखाधिकारी, ब्युरोतल्या मावशी आणि रुग्णांच्या बायका यांनाही बोलवावं. समितीत नुसते आम्ही वकील नकोत.

आपली विश्वासू,
सांगलीतील एक वकील