होडी गावाची, मासळीही गावाची

सरदार सरोवरात अक्कलकुवा-अक्राणीची ३३ गावं आली. आता उरलं ते पाणी. पण व्यापाऱ्याच्या उचलीवर होडी घेतली, की मासळीचा भाव तोच ठरवणार. म्हणून आम्ही म्हणतो, होडी गावाची हवी आणि टिकवायलाही हवी.

पावसाआधी ती वर ओढा. सावलीत सुकवा, कडक उन्हात फळ्या तडकतात. फटीत सुताची दोरी ठासून वर गरम डांबर. ओल्या लाकडाला ते धरत नाही, घाई नको. मग दगडांवर उपडी ठेवा. भर पावसात मासे अंडी घालतात, तेव्हा जाळं बंदच.

२००६ च्या वनहक्क कायद्यात, कलम ३(१) मध्ये, मासळीचाही सामूहिक हक्क आहे. दावे मात्र शेताचेच भरतात! साहेब म्हणेल, धरणाला लागू नाही. म्हणू दे. ग्रामसभेचा ठराव करून लेखी दावा द्या, पोच घ्या.