गाड्या दुप्पट, भाडं तेवढंच : टोपी बाजाराचं गणित आणि आपलं वडाप

कांद्याची आवक वाढली की भाव पडतो, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. मग रिक्षा वाढल्या की भाडं का पडत नाही? स्टँडवर पाचऐवजी पंधरा गाड्या उभ्या असतात, तरी सीटचा दर तोच. उलट रस्ता अडतो, गाडीवाला म्हणतो धंदा नाही आणि पॅसेंजर म्हणतो वेळेवर गाडी नाही. तिघंही खरं बोलतात.

हे समजून घ्यायला ग्वाल्हेरचा टोपी बाजार चांगला. दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या छावणीवर जे शहर उभं राहिलं, ते लष्कर. त्याच्या मध्यावर महाराज बाडा आणि बाड्याच्या आसपास सराफा, दौलतगंज, टोपी बाजार. फालका बाजार, शिंदे की छावनी ही नावं अजून मराठी कानाला ओळखीची वाटतात. हे रस्ते टांग्याच्या काळातले. २०११ च्या जनगणनेत ग्वाल्हेरची लोकसंख्या साडेदहा लाखांवर होती, आणि कपडालत्ता, दागिना, लग्नाची खरेदी म्हटलं की लोक अजून याच गल्ल्यांकडं वळतात. म्हणजे मागणी एका ठिकाणी गोळा झालेली, आणि जागा वाढायला वाव नाही.

अशा जागी ई-रिक्षा आली. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तिच्यावर बंदी घातली होती, कारण ती कुठल्याच कायद्यात बसत नव्हती. २०१५ मध्ये संसदेनं मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून तिला जागा दिली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्रानं तिला परमिटमधूनच सूट दिली. चार पॅसेंजर, ताशी २५ किलोमीटरची मर्यादा, नोंदणी आणि लायसन्स हवं, पण परमिट नको. साध्या ऑटोला जे परमिट मिळवायला माणसं वर्षानुवर्षं थांबली, ते इथं लागतच नाही. महाराष्ट्रात १९९७ पासून गोठलेली ऑटोची परमिटं २०१७ मध्ये खुली झाली, तेव्हा आपल्या शहरांत काय झालं ते आठवा. ई-रिक्षाचं तर दारच काढून टाकलं होतं.

आता हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा एका स्टँडवरून दिवसाला ४,००० माणसं जातात आणि सीट १० रुपये. चार-चार सीटच्या १,००० फेऱ्या झाल्या. गाड्या ५० असतील तर एकीला २० फेऱ्या, गल्ला ८०० रुपये. गाड्या १०० झाल्या की फेऱ्या १० आणि गल्ला ४००. गाडी रोजाने घेतलेली असेल आणि मालकाला ३०० द्यायचे असतील, तर पहिल्या हिशेबात चालकाच्या हातात ५०० राहतात, दुसऱ्यात १००. चार्जिंग अजून धरलेलंच नाही. गाड्या दुप्पट झाल्या, कमाई मात्र निम्मी नाही, पाचवा हिस्सा झाली.

मग कुणी आठ रुपये का घेत नाही? कारण स्टँडवर नंबर असतो. नंबर ज्याचा, पॅसेंजर त्याचा. भाडं कमी केलं म्हणून पॅसेंजर वाढत नाही, भांडण तेवढं वाढतं. शिवाय दोन रुपये सुट्टे कुणाकडं असतात? त्यामुळं वाढलेल्या गाड्यांचा भार दरावर पडत नाही, तो थांबण्यावर पडतो. आणि थांबायचं कुठं? जिथं माणसं आहेत तिथं, म्हणजे बाजाराच्या तोंडाशीच. चालकाला त्या जागेचं भाडं पडत नाही. ते भरतो दुकानदार, पायी जाणारा आणि मागं अडकलेली ॲम्ब्युलन्स.

आपल्याकडच्या वडापचंही गणित हेच. गाडी भरल्याशिवाय हलत नाही, म्हणजे पॅसेंजर भाड्याखेरीज स्वतःचा वेळही मोजतो. फरक एक आहे. आपल्याकडं एसटी आहे. वडापवाला दर ठरवताना एसटीच्या तिकिटाकडं बघतो. २५ जानेवारी २०२५ पासून एसटी १४.९५ टक्क्यांनी वाढली, तेव्हा वडापलाही दर वाढवायला जागा मिळाली. पण एसटीच्या वर फार जाता येत नाही, हा लगाम राहतोच. मध्य प्रदेशात २००५ मध्ये राज्य परिवहन महामंडळच गुंडाळायचा निर्णय झाला. तो लगाम गेला तो गेलाच. आता तिथल्या सरकारनं २०२५ मध्ये ‘मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा’ मंजूर केली आहे, ती खासगी बस घेऊनच चालवायची आहे. मोडलेली सार्वजनिक व्यवस्था परत उभी करायला वीस वर्षं लागली, हे एसटीच्या तोट्यावर तावातावानं बोलणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

सीमेपलीकडं उलटा प्रकार दिसला. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेत बायकांचा सरकारी बसप्रवास फुकट झाला. ११ सप्टेंबरला बंगळुरूत खासगी वाहतूकदारांनी बंद पाळला, त्यांच्या तक्रारींत ही योजनाही होती. पॅसेंजर कुठल्या दराला कुठं सरकतो, याचा याहून ढळढळीत पुरावा कुठला?

टोपी बाजारासारख्या ठिकाणी प्रशासनाला सुचतो तो उपाय म्हणजे पाळ्या. गाड्यांना रंगपट्टे लावायचे आणि निम्म्या सकाळी, निम्म्या संध्याकाळी चालवायच्या. रस्ता थोडा मोकळा होतो, नाही असं नाही. पण गाडीचा हप्ता काही निम्मा होत नाही. ज्याच्याकडं सहा गाड्या आहेत, तो तीन एका रंगात, तीन दुसऱ्या रंगात लावतो. ज्याची एकच गाडी आहे, किंवा जो रोजाने चालवतो, त्याचा अर्धा दिवस जातो. बाजारात संध्याकाळीच गर्दी होते, त्यामुळं सकाळची पाळी मिळालेल्याचं नुकसान आणखी मोठं.

दुसरं टोक आपल्या माथेरानला आहे. तिथं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये ई-रिक्षांची संख्या २० ठरवली आणि त्या आधी हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्यायच्या असं सांगितलं. संख्या फारच कमी होती, त्यावरून वाद झाले. पण गाडी कुणाला मिळणार हे आधी ठरलं, किती हे बरोबरच ठरलं.

टोपी बाजाराला २० चा आकडा चालणार नाही. पण स्टँडवर उभं राहण्याचा परवाना मोजून देता येतो, कारण परमिटची सूट रस्ता वापरायची मोकळीक देत नाही. कुठल्या रस्त्यावर कुठलं वाहन नको, हे ठरवायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नं राज्याकडं ठेवलेलाच आहे. अडचण पुढं आहे. परवान्याची यादी करताना आरसी बुकावरचं नाव धरायचं की हँडल धरणाऱ्याचं? माथेरानात हातरिक्षावाल्यांची यादी आधीपासून होती. ग्वाल्हेरात आणि आपल्या वडापच्या अड्ड्यांवर ती कुणी केलेलीच नाही, आणि आरसीवरून केली तर स्टँड गाडीमालकांच्या हातात जातील.