व्याधिनामांची एकवाक्यता : संगणकापूर्वी लेखणीची शिस्त

देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली, हे आपणा सर्वांस ज्ञात आहे. श्रीकरण म्हणजे राज्याचे दप्तर. तेराव्या शतकात दप्तर सांभाळणाऱ्या या पुरुषाने वैद्यकातील शब्दांचे अर्थही विशद केले. त्याच देवगिरीच्या परिसरात, छत्रपती संभाजीनगरात, आज आपण रुग्णपत्रके संगणकावर नोंदवू लागलो आहोत. त्या पत्रकांतील शब्दांकडे मात्र आपले लक्ष नाही.

एकाच रुग्णाच्या कागदांवर एक वैद्य ‘आमवात’, दुसरा ‘संधिवात’ आणि तिसरा नुसते ‘सांधेदुखी’ असे लिहितो. समोर बसलेल्या रुग्णापुरते हे चालून जाते, कारण उरलेला तपशील वैद्याच्या स्मरणात असतो. संगणकाच्या लेखी मात्र हे तीन निरनिराळे रोग होत. अशा दहा वर्षांच्या नोंदी जमल्या, तरी आमवातात कोणत्या चिकित्सेने किती रुग्णांना उपशय मिळाला, याचे उत्तर त्यांतून निघणार नाही. आयुर्वेदाकडे पुरावा नाही, हा आक्षेप मग आपणच ओढवून घेतलेला असतो.

साधनांची उणीव नाही. आयुष मंत्रालयाने २०१७ साली ‘नमस्ते’ पोर्टल सुरू करून आयुर्वेदीय व्याधींची प्रमाणित नावे संकेतांकांसह उपलब्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेने १० जानेवारी २०२४ रोजी आयसीडी-११ मधील पारंपरिक वैद्यकाचा दुसरा विभाग प्रसिद्ध केला. त्यात आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या व्याधिसंज्ञा आहेत.

दोष-दूष्यांचा विचार करणारे शास्त्र संकेतांकांच्या साच्यात बसत नाही, असे काही ज्येष्ठ वैद्य म्हणतात. हे म्हणणे निराधार नाही. सर्व विकारांना निश्चित नाव नसते, म्हणून नाव सांगता न आल्यास वैद्याने लाजू नये, असे चरकाचार्यांनीच त्रिशोथीय अध्यायात सांगितले आहे. परंतु विकाराची प्रकृती, अधिष्ठान व हेतू जाणून चिकित्सा करावी, हेही तेथेच सांगितले आहे. आपल्या किती नोंदींत हे तीन आढळतात? ते न लिहिता चरकाचा आधार घेणे योग्य नव्हे. प्रमाणित नाव आणि हे तीन, असे चारही रकाने भरले पाहिजेत.

उलट दिशेचा धोकाही आहे. ‘आमवात’ लिहिताच रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा संकेतांक आपोआप जोडणे चुकीचे. दुहेरी संकेतन म्हणजे भाषांतर नव्हे. ती दोन स्वतंत्र निदाने होत. आधुनिक निकषांनी निदान सिद्ध झाले नसेल, तर तो रकाना रिकामा ठेवणेच प्रामाणिकपणाचे.

औषधालयचालकांनाही हा विषय परका नाही. ‘ब्राह्मी’ मागितल्यावर एक दुकानदार बाकोपा मोनिएरी देतो, दुसरा मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका. ‘रास्ना’ या नावाखालीही प्रांतपरत्वे भिन्न वनस्पती विकल्या जातात. देयकावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि योगाच्या नावापुढे ग्रंथाधार नसेल, तर रुग्णाने नेमके काय घेतले हे नोंदीवरून कळणार नाही.

सर्व व्याधींचे संकेतांक पाठ करण्याची आवश्यकता नाही. आपल्या चिकित्सालयात नित्य येणाऱ्या वीस व्याधींची प्रमाणित नावे पोर्टलवरून उतरवून मेजावर ठेवावीत आणि पुढील अंक हाती येईपर्यंत तीच वापरावीत. वैद्यबंधू-भगिनींनी एवढा आरंभ अवश्य करावा, ही नम्र विनंती.