कंसांतील नारळ

कंस सोडवितांना पहिल्या पदास गुणावयाचें आणि दुसऱ्यास विसरावयाचें, ही चूक शिक्षकाच्या पेशांत असतांना आम्हीं इतक्या वह्यांत पाहिली कीं, ती मुलांच्या निष्काळजीपणाचीच खूण होय, असें आम्ही समजत आलों. तो समज गेल्या माघांत आमच्याच घरीं खोटा ठरला.

बदलापुरास आमच्या घरीं मुंजीची तयारी चालली होती. उल्हासनगरच्या कापडबाजारांतून खण आणावयाचे होते. त्याच वेळीं आठवींत शिकणारा आमचा नातू वही घेऊन रडकुंडीस आला होता. १२(क + ४०) हा कंस सोडवून त्यानें १२क + ४० असें लिहिलें होतें. आम्हीं नियम सांगितला, पुन्हां सांगितला, आवाज चढवूनही सांगितला. शेवटीं तो म्हणाला, "आजोबा, मला बीजगणित येणारच नाहीं." त्याच्या वडिलांनींही मान डोलाविली. अशा एका वाक्यानें मुलाच्या पुढील विद्येची वाट बंद झालेली आम्हीं पुष्कळ घरीं पाहिली आहे.

त्याची आजी जवळच ओटीचें सामान मोजीत होती. ती म्हणाली, "हें बघ, बाराजणींच्या ओट्या भरायच्या. प्रत्येकीला एक खण आणि एक नारळ. खण एकशें पस्तिसाचा, नारळ चाळिसाचा. तुझ्या हिशेबानें खण आले बारा आणि नारळ एकच! बाकीच्या अकराजणी काय तशाच घरीं जाणार?" मुलगा हसला आणि त्यानें ४० खोडून ४८० लिहिले.

कंस म्हणजे ओटीचें एक ताट. बारा ही संख्या सबंध ताटास लागूं आहे, एकट्या खणास नव्हे. एका ताटास १७५ रुपये, बारा ताटांस २१००. निराळा हिशेब केला तरी खणांचे १६२० आणि नारळांचे ४८० मिळून २१०० च होतात. यासच वितरणाचा नियम म्हणतात. हें नांव सर्व्ह्वा नामक फ्रेंच गणितज्ञानें १८१४ सालीं दिलें. नियम मात्र फार जुना आहे.

आमच्या शेजारच्या अंबरनाथचें शिवालय शिलालेखाप्रमाणें शके ९८२ चें, म्हणजे इ. स. १०६० चें. त्यानंतर ९० वर्षांनीं भास्कराचार्यांनीं 'सिद्धांतशिरोमणि' रचला. 'लीलावती' हा त्याचाच भाग. योगायोग असा कीं, १३५ यांस १२ नीं गुणावें, हेंच तींतील गुणाकाराचें उदाहरण आहे. बाराचे आठ व चार असे खंड करावे: १०८० आणि ५४० मिळून १६२०. अथवा बारांत आठ मिळवून विसांनीं गुणावें, आणि २७०० मधून आठपट १०८० वजा करावी, उत्तर तेंच. आपल्या घरांतील वडील माणसें सवायकी म्हणत, तींतही हेंच तत्त्व: सोळाची सवाई वीस, म्हणजे सोळा आणि त्यांचा पाव चार.

मात्र हा नियम बेरीज-वजाबाकीपुरता आहे, हें मुलांस अवश्य सांगावें. २ × (३ × ४) याचे २४ होतात. दोहोंनीं तीन व चार या दोघांसही गुणल्यास ४८ येतील, तें चूक. तसेंच (१० + २) याचा वर्ग १४४ आहे, १०४ नव्हे. कारण तेथें प्रत्येक पदानें प्रत्येक पदास गुणावें लागतें, आणि मधले दोन वेळचे वीस गळून चालत नाहीं.

"बाहेरच्यानें आंतील सर्वांस गुणावें," हें वाक्य आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें आज्ञेसारखें घोकून घेतलें. कां, तें क्वचितच सांगितलें. ज्यांस तें आठवलें नाहीं, त्यांस छडी मिळाली. त्या मुलांचे आम्ही अपराधी आहों.

चाळीसगांवाजवळील पाटण येथील शिलालेखांत, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याची नोंद आहे. सर्वांच्याच घरीं असा नातू निघेल असें नाहीं. पण "याला गणित येत नाहीं," असा निवाडा देण्यापूर्वीं वडील मंडळींनीं मुलास एकदां स्वयंपाकघरांत अगर बाजारांत न्यावें, आणि हिशेब त्याच्या हातीं द्यावा. आमच्या नातवानें मुंजीचे नारळ स्वतःच मोजून आणले. एकही कमी पडला नाहीं.