हीटरचा दर विचारता, जागाही विचारा

कापडाच्या धंद्यात आम्ही व्यापारी प्रोसेसवाल्याला दोनच गोष्टी विचारतो : मीटरमागे दर किती आणि माल केव्हा मिळणार? ज्या गरमीवर आमचे कापड सुकते आणि सेट होते, ती गरमी इमारतीच्या कोणत्या कोपऱ्यातून येते, हे कोणी विचारत नाही. आमच्या मते आता ते विचारण्याची वेळ आली आहे.

स्टेंटरला गरमी देणाऱ्या हीटरला बाजारात सर्रास थर्मोपॅक म्हणतात. तेलावर चालणाऱ्या हीटरच्या बर्नरमध्ये फर्नेस ऑईल किंवा एलडीओ जळते. वेटोळ्याच्या नळ्यांतून थर्मिक ऑईल सुमारे २५० अंशांपर्यंत तापते आणि पंपाच्या जोरावर मशीनपर्यंत फिरत राहते. यात वाफ तयार होत नाही, म्हणून हा हीटर बॉयलरच्या कायद्यात मोडत नाही. त्यावरून कित्येक मालकांचा समज झाला आहे की बॉयलर धोक्याचा आणि हीटर बिनधोक. हा समज साफ चुकीचा आहे. पंपाच्या ग्लँडमधून असे तापलेले तेल गळले तर पेट घ्यायला एक ठिणगी पुरते. घाबरून त्यावर पाणी मारले, तर पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते तेल चारी बाजूंना उडते. तिथे फोम किंवा ड्राय पावडरच हवी.

म्हणून हीटर कोणत्या कंपनीचा, याच्या आधी तो कुठे बसवायचा हे ठरले पाहिजे. जिन्याखाली नको, दरवाजाच्या वाटेवर नको, कापडाच्या गाठींशेजारी तर मुळीच नको. त्याला विटांच्या भिंतींची स्वतंत्र खोली हवी आणि तिचा लोखंडी दरवाजा बाहेर उघडणारा हवा. एक किलो तेल जळायला सुमारे १४ किलो हवा लागते. खोली कोंदट असली की तेल अर्धवट जळते आणि विषारी धूर आत साचतो. हवेची जाळी बाहेरच्या बाजूस असावी. ती कारखान्याकडे ठेवली तर कापडाचे तूस पंख्यात ओढले जाते. धुराडे छपराच्या वर जावे. जळणाच्या टाकीभोवती गळलेले तेल अडवणारा कठडा असावा आणि तेल बंद करण्याची चावी खोलीच्या बाहेर, हाताशी असावी.

आणखी एक गोष्ट. तापल्यावर थर्मिक ऑईल फुगते. त्यासाठी सर्वांत उंच जागी एक्स्पान्शन टाकी बसवावी लागते. उंच जागा म्हणून ती पोटमाळ्यावर बसवली जाते, आणि त्याच पोटमाळ्यावर रात्री मजूर झोपतात. ही गोष्ट कोणत्याही हिशेबात बसत नाही. टाकी माणसांच्या वावरापासून दूर असावी आणि तिचा ओव्हरफ्लो पाइपने खाली बंद टाकीत उतरवावा.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी आग तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून पेटली. धूर वर चढला आणि ५९ माणसे मेली. सोलापूरच्या एमआयडीसीत १८ मे २०२५ च्या पहाटे टॉवेल कारखान्याला आग लागून ८ जणांचा जीव गेला. तिथे मालकाचे कुटुंबही कारखान्याच्याच इमारतीत राहत होते. या दोन्ही आगी हीटरच्या होत्या असे आम्ही म्हणत नाही. आग खाली लागते आणि मरण वरच्यांना येते, एवढेच त्या सांगतात.

लहान मालक म्हणतील, गाळ्याचे भाडे परवडत नाही, स्वतंत्र खोली आणायची कुठून? त्यांची अडचण खरी आहे. मीटरमागे पाच-दहा पैसे कापण्यासाठी आम्हीच त्यांच्याशी घासाघीस करतो, हेही खरे आहे. पण जागा नसेल तर त्या इमारतीत तेलाचा हीटर बसवू नये, याला पर्याय नाही. शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून मोकळ्या जागेत एक सामाईक हीटर बसवला, तर पाइपने गरमी प्रत्येकाच्या मशीनपर्यंत नेता येते.

व्यापारी बांधवांना आमचे सांगणे आहे की, पुढची गाठ पाठवण्यापूर्वी प्रोसेसवाल्याकडे एकदा स्वतः जा. हीटर कुठे आहे, त्याच्या वर कोण झोपते, वीज गेल्यावर तापलेले तेल फिरवणारा पंप कशावर चालतो आणि ज्योत विझल्यास तेल बंद करणारा फोटोसेल चालू आहे की तार जोडून बायपास केला आहे, हे चार प्रश्न विचारा. उत्तरे समाधानकारक असतील तर दरात पाच पैसे जास्त द्या. जळालेल्या मालाचा विमा मिळतो. मजुराच्या घरी मात्र परत काहीच जात नाही.