आकाशलहरी कुणाच्या?

आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे व तिचा विनियोग लोकहितासाठीच झाला पाहिजे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. निकालपत्र लिहिणाऱ्यांत न्या. पी. बी. सावंत होते. वाद क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा होता. तत्त्व क्रिकेटपुरते नव्हते. पुढे २००७ साली संसदेने कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून घोषित झालेल्या स्पर्धांचे थेट प्रक्षेपण हक्कधारकाने स्वतःच्या जाहिराती वगळून प्रसार भारतीला दिलेच पाहिजे, असे हा कायदा सांगतो. ऑलिंपिक, आशियाई व राष्ट्रकुल स्पर्धा त्यात येतात. दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या उत्पन्नातील किमान पाऊण वाटा हक्कधारकालाच मिळतो, तेव्हा त्याच्यावर अन्याय होतो असे म्हणण्यास जागा नाही.

कायदा शाबूत आहे, पण त्याच्या पायाखालची जमीन सरकली आहे. असे मिळालेले प्रक्षेपण दूरदर्शनने केवळ आपल्या मनोऱ्यांवरून आणि आपल्या डिश सेवेवरून दाखवावे, खासगी केबलचालकांकडे जाऊ देऊ नये, असा निकाल २०१७ साली झाला. कायद्याच्या शब्दांकडे पाहता त्यात खोट काढता येणार नाही. परंतु त्यानंतर प्रसार भारतीनेच आपले बहुतेक मनोरे २०२२ पर्यंत बंद केले! दोन वाटांपैकी एक सरकारनेच बुजवली. उरली फ्री डिश. ज्याच्या पत्र्यावर ती छत्री आहे त्याला भाडे नाही; ज्याच्या घरी केबल किंवा खासगी डिश आहे त्याने महिन्याचे भाडे भरूनही खेळांच्या वाहिनीसाठी वेगळे दाम मोजावयाचे. आणि तिसरी वाट, म्हणजे इंटरनेट, हिचा सक्तीच्या कलमात उल्लेखच नाही. तेथे केबल आणि डीटीएच एवढीच नावे आहेत.

पॅरिस ऑलिंपिक २०२४ साली जिओसिनेमावर फुकट दाखवले गेले, असे सांगितले जाते. ते खरे आहे. पण स्पर्धा सुरू होण्यापूर्वी काही आठवडे, त्याच जुलै महिन्याच्या आरंभी, जिओने मोबाइलचे दर वाढवले होते, ही गोष्टही तितकीच खरी आहे. खेळ दाखवणारा आणि डेटा विकणारा एकाच घरचा असेल तर फुकट या शब्दाचा अर्थ ग्राहकाने नीट तपासून घ्यावा.

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांचे गोडवे आम्ही गाणार नाही. तेथील बांधकामावरच्या मजुरांना किमान वेतनही मिळत नव्हते, आणि त्याहून कमी मजुरी देणे म्हणजे वेठबिगारच होय, असे सर्वोच्च न्यायालयाला त्याच वर्षी सांगावे लागले. तथापि त्या काळात दूरदर्शनचे जाळे सार्वजनिक पैशाने पसरले, आणि एखादी शर्यत पाहण्यासाठी कुणा खासगी मालकाची गाठ घ्यावी लागत नव्हती.

हा करमणुकीचा प्रश्न आहे असे मानून कार्यकर्त्यांनी तो बाजूला सारू नये. शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०२३ साली हांगझो येथे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये आशियाई सुवर्णपदक मिळवले. प्रक्षेपणाचे हक्क खासगी समूहाकडे होते. क्रिकेट बारा महिने दिसते; स्टीपलचेस नावाची शर्यत असते हे पालम-सोनपेठच्या मुलीला कळण्याची संधी मात्र चार वर्षांतून एक-दोनदाच येते. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत अव्वल आलेल्या ज्योती गवते याच परभणीच्या. पळणारे पाय या जिल्ह्यात कमी नाहीत.

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादेस होणे ठरले आहे. मैदाने जनतेच्या पैशाने सजतील; चित्रावर मालकी कुणाची, याचा निर्णय करार होण्यापूर्वीच व्हावा. सक्तीच्या कलमात इंटरनेटचा स्पष्ट समावेश करावा, दूरदर्शनला मिळालेले प्रक्षेपण प्रत्येक केबल व डिशवर विनामूल्य जावे, आणि महाराष्ट्राच्या खेळाडूंच्या लढतींचे मराठी धावते वर्णन आकाशवाणीच्या परभणी केंद्रावरूनही ऐकू यावे, असे ठराव जिल्ह्यातील शाखांनी करून माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे आणि आपल्या खासदारांकडे पाठवावेत. तोवर गावच्या वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एक फ्री डिश बसवून घेण्यास दिल्लीची परवानगी लागत नाही.