माणगावला थांबलात तर

दिवेआगरला जायचं म्हणजे ताम्हिणी घाट, मग माणगावात चहा-वडापाव आणि पुढे थेट समुद्र. वीकेंडवाल्या पुणेकरांना हा रूट पाठ असतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या गँगमधल्या एकाची बाइक माणगावातच पंक्चर झाली. टाइमपास म्हणून मी तहसील कचेरीच्या आवारात शिरले आणि एका पुतळ्यासमोर थबकले. नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस.

खरं सांगू? मी हे नावच ऐकलं नव्हतं. मी वर्ध्याची. आमची शाळेची ट्रिप सेवाग्रामला, नाहीतर पवनारला. १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबांनी पवनारमधूनच वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. इंग्रजांच्या युद्धाला माणसं देऊ नका, पैसा देऊ नका, असं सांगत. हे आम्हाला तोंडपाठ! पण त्याच युद्धात आपली मराठी पोरं पार इटलीत जाऊन लढली, हे मात्र कुणी सांगितलंच नाही.

घाडगे त्यातलाच एक. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधला. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्याच्या तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले. उरला हा एकटा. तो सरळ मशीनगनवर धावून गेला. हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत. जिंकलेल्या त्या मोर्च्यातच तो गेला. वय २२. त्या वयात मी असाइनमेंटची डेडलाइन हुकली म्हणून रडत होते.

त्याची कबर किंवा समाधी नाही. कसिनोच्या स्मारकावर चार हजारांवर नावं कोरली आहेत, त्यात त्याचंही आहे. इटलीत ५,७८२ भारतीय सैनिक मारले गेले. जुलै २०२३ मध्ये तिथल्या माँटोने गावात घाडगेच्या नावाने एक स्मारक झालं, चक्क सूर्यघडीचं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वाक्य त्यावर आहे. (वर्ध्याचा मे महिन्यातला सूर्य त्यांनी पाहिलेला दिसत नाही.)

ते युद्ध आपलं होतं की नव्हतं, यावर आजही तासन् तास भांडता येईल. पण त्या भांडणात पोरांची नावंच गळून गेली, हे मला खटकतं.

रात्री आजोबांना फोन केला. त्यांचा जन्म १९४४चाच, घरात पहिल्यापासून खादी. मला वाटलं, म्हणतील, इंग्रजांचा शिपाई, त्याचं काय एवढं! सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "लगन झालं होतं काय गं पोराचं?"

"हो आजोबा. तो क्रॉस बायकोलाच दिला."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, रेंज गेली.

"येशीन तवा त्याचा फोटो आणजो," म्हणाले आणि फोन ठेवला.